थंडीच्या नावानं खडे फोडू नकोस

‘सर, थंडी फार आहे, ट्रॅक्टर चालूच होत नाही.’ हे सांगायला फोन केला होतास ना? थंडी आहे हे माझ्या गुडघ्यांनी मला आधीच सांगितलं होतं. ट्रॅक्टरचं बोल.

बोलशील कसा? बॉनेट उघडलेलंच नव्हतंस. मी विचारलं, सेल्फ घुमतो का? म्हणालास, ‘घुमतो, पण नेहमीसारखा नाही.’ नेहमीसारखा नाही म्हणजे कसा? हळू? अडखळत? का नुसताच कट्ट आवाज? ‘तसंच काहीतरी.’ धूर निघतो का? ‘अंधार होता सर.’ मला फोन लावायला मोबाइल सापडला, त्याच मोबाइलचा टॉर्च सायलेन्सरवर मारता आला नाही?

तू अडाणी असतास तर मी ओरडलो नसतो. प्रेमानं समजावलं असतं, चहा पाजला असता. पण तू आयटीआयला माझ्या हाताखाली डिझेल इंजिन नटबोल्टपर्यंत उघडून परत बसवलेला मुलगा आहेस. डिझेलच्या पाइपातली एअर काढताना वर्गातली पोरं डिझेलनं न्हायची, तुझे हात तेवढे कोरडे असायचे. ते हात आता कुठे ठेवलेस? खिशात? थंडी वाजते म्हणून?

आणि निफाडला थंडी काय यंदा पहिल्यांदा पडली? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर डिसेंबरात पेपरात येतो. चार अंश, पाच अंश; एखाद्या वर्षी त्याच्याही खाली, पानावरचं दव गोठेपर्यंत. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्याची बातमी वाटते. तुला कशी वाटते रे? तुझा जन्म तिथला. दिवाळीचे फटाके संपले की पाठोपाठ ती येणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग कार्तिकात काय करत होतास? तहान लागल्यावर विहीर खणायची सवय कुठून लागली? तुझ्या अण्णांना तर नव्हती.

एक गोष्ट डोक्यात घाल. थंडी ट्रॅक्टर बिघडवत नाही. तू वर्षभर जे झाकून ठेवलंस ते ती उघडं पाडते. मे महिन्यात अर्धमेली बॅटरीही इंजिन फिरवते. ढिलं टर्मिनल चालून जातं. गळका वॉशर चालून जातो. जळलेला हीटर प्लग तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तू म्हणतोस, ‘कालपर्यंत चांगला होता.’ चांगला नव्हता. कालपर्यंत ऊन होतं.

आता बॅटरीचं घे. ‘बॅटरी नवीच आहे सर.’ नवी म्हणजे कधीची? पावती कुठे आहे? वॉरंटीचं कार्ड कुठे आहे? आणि नवी असली म्हणून भरलेली आहे, हे कुणी सांगितलं? शिशाची बॅटरी शून्य अंशाजवळ गेली की उन्हाळ्यात जेवढा जोर देते त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच देते. आतली रासायनिक क्रिया मंदावते, यात तिचा दोष नाही. त्याच वेळी ऑइल घट्ट होतं, म्हणजे इंजिनला फिरवायला जोर जास्त लागतो. देणारा घटला, मागणारा वाढला. ही वजाबाकी तुला मी फळ्यावर करून दाखवली होती. तू वहीत उतरवूनही घेतली होतीस. वही रद्दीत घातलीस का?

मल्टिमीटर आहे तुझ्याकडे. मला माहीत आहे, कारण तो विकत घे म्हणून मीच मागे लागलो होतो. त्याचं पाकीट तरी फोडलंस का? रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर तो लाव. १२.६ व्होल्टच्या वर दाखवला तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेला तर ती सेल्फ मारायच्या लायकीची नाही, आधी चार्जिंगला लाव. मग कुणाला तरी किल्ली फिरवायला सांग आणि तेव्हाचा आकडा बघ. साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी आतून गेली आहे, नाहीतर अर्धीच भरलेली आहे. याला किती वेळ लागतो? चहा उकळायच्या आत होतं. तू त्याऐवजी काय केलंस? सेल्फ मारत बसलास. किती वेळ? ‘बराच वेळ.’ शाबास. सेल्फ एका वेळी पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मधे निदान मिनिटभर थांबायचं. हे मी शिकवलं, ट्रॅक्टरच्या पुस्तकात छापलंय, आणि तापलेल्या सेल्फचा वास येतो तो नाकालाही कळतो. कळतं पण वळत नाही, ते असं.

आता टर्मिनल. ते पांढरं-हिरवं फुललेलं काय आहे त्याच्यावर? रांगोळी? ते असलं की वीज जायला वाट राहत नाही. बॅटरी भरलेली असून सेल्फ उपाशी राहतो. कोमट पाण्यात खायचा सोडा घाल, धू, कोरडं कर, पॉलिश पेपरनं घास, घट्ट आवळ, वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लाव. आणि त्याच्याकडे बघताना अर्थिंगची वायर विसरू नकोस. सगळे लाल वायरीकडे बघतात, काळीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ती जिथे चॅसीला आवळली आहे तिथे तू हौसेनं रंग मारलास. नवा दिसावा म्हणून. रंगातून वीज जाते का रे? खरवड तो रंग. लखलखीत लोखंड दिसू दे. निम्म्या ट्रॅक्टरांचा ‘थंडीचा आजार’ त्या एका बोल्टाखाली असतो. तू मात्र नवी बॅटरी आणायच्या गोष्टी करतोस. रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

आणि सेल्फ मारताना क्लच दाबतोस का? नाही दाबत. का नाही? ‘न्यूट्रलला असतो ना सर.’ न्यूट्रलला असला तरी गिअरबॉक्सचा आतला भाग इंजिनबरोबर फिरतो आणि त्यातलं ऑइल पहाटे काकवीसारखं झालेलं असतं. बॅटरी आधीच दमलेली, वर तू तिला काकवी ढवळायला लावतोस. पाय टाक क्लचवर. पायाला पैसे पडत नाहीत.

ऑइल कुठलं टाकलंस? ‘दुकानदारानं दिलं ते.’ डब्यावर आकडा असतो. १५ डब्ल्यू-४०, २० डब्ल्यू-४०. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. दुकानदाराला तुझ्या शिवारातली पहाट माहीत नाही, तुला आहे. शेवटचं कधी बदललंस ते विचारत नाही. अवर मीटर बंद पडल्यापासून तुझा हिशेब सणावारांवर चालतो, हे मला ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं बोलू. धूर.

सेल्फ घुमत असताना सायलेन्सरमधून काय निघतं, एवढं जो बघतो त्याचं अर्धं काम तिथेच होतं. काहीच निघत नाही? मग डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर निघतो? मग डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. दोन वेगळे रोग, दोन वेगळ्या वाटा. तू धूर बघितलाच नाहीस आणि थेट नोझलचे नट ढिले करायला बसलास. कशासाठी? हात काळे झाले की काम केल्यासारखं वाटतं, म्हणून. अण्णा ओट्यावरून बघत होते, त्यांना दिसावं की पोरगं खपतंय. खपणं आणि काम करणं यात फरक आहे, लेका. तो तुला कळत नाही असं नाही. तुला तो कळून घ्यायचा नाही.

समज, धूर नाही. मग कुठून सुरुवात करायची? टाकीपासून. कॉक उघडा आहे का? हसू नकोस, बंद कॉकवर पोरांनी पंप उघडलेला मी पाहिलाय. बंद करायला ओढलेला स्टॉपर आत गेला आहे का, का गंजून तसाच बाहेर राहिलाय? मग काचेची वाटी. तिच्या तळाशी पाणी दिसतं का? अर्धी टाकी रिकामी ठेवून ट्रॅक्टर लावतोस, रात्री टाकीतल्या हवेतली वाफ पत्र्याला धरते आणि पाणी होऊन तळाला बसते. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर वाफेला जागाच राहत नाही. पण तू डिझेल भरणार सकाळी, निघताना, तेही लागेल तेवढंच.

आणि कुठलं डिझेल भरलंस? शेडमधल्या बॅरलमधलं. बॅरल कधी भरलास? दसऱ्याला, नांगरटीच्या घाईत. मग ऐक. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात, आयएस १४६० मध्ये, वर्षाचे दोन भाग केलेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळा, बाकी सगळा उन्हाळा. थंडीत फिल्टर तुंबायची जी पातळी आहे ती हिवाळ्याच्या डिझेलला जास्तीत जास्त ६ अंश, उन्हाळ्याच्या डिझेलला १८ अंशांपर्यंत चालते. दसऱ्याला भरलेलं डिझेल कुठल्या खात्यातलं? उन्हाळ्याच्या. ते तू पौषातल्या पहाटे फिल्टरमधून जायला सांगतोस. त्यातलं मेण दाणे धरतं, फिल्टरच्या कागदावर बसतं आणि रस्ता बंद. ऊन चढलं की वितळतं, ट्रॅक्टर दुपारी मुकाट चालू होतो, आणि तू गावभर सांगत फिरतोस, ‘आपोआप चालू झाला, थंडीच होती.’ आपोआप काही होत नाही. तुझ्या डोळ्यांदेखत मेण वितळलं. तू बघितलं नाहीस.

शंका आहे? मग आज रात्री काचेच्या बाटलीत ते डिझेल भर आणि अंगणात ठेव. पहाटे गढूळ दिसलं तर समज. याला लॅब लागत नाही. फक्त पहाटे बाटलीकडे बघायला अंथरुणातून उठावं लागतं. अडचण तिथेच आहे.

लडाखमधल्या माणसानं थंडीचं नाव घ्यावं. तिथे नेहमीचं डिझेल टाकीत गोठून बसतं, म्हणून इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहील असं वेगळं डिझेल तिथे नेलं. त्याला शोभतं. तू निफाडात बसून लडाखचं दुखणं सांगतोस. आणि ते बर्फातल्या परदेशी शेतकऱ्याचे व्हिडिओ मला पाठवणं बंद कर. ‘बघा सर, यांचा कसा एका किल्लीत चालू होतो.’ तो माणूस रात्री इंजिनला ब्लॉक हीटर लावून झोपतो. तू व्हिडिओ लावून झोपतोस.

एअरचं बोलायचं राहिलं. तुझा ट्रॅक्टर रोज सकाळी एअर घेतो, आणि दिवसा नाही. हे तू स्वतः मला मागच्या वर्षी सांगितलंस. वर्षभरात याचा विचार केलास? दिवसा नाही आणि सकाळीच का? कारण रात्रभर उभा राहिला की पाइपातलं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं आणि त्याच्या जागी कुठल्या तरी फटीतून हवा शिरते. फट कुठे आहे? बॅन्जो बोल्टाखालचा तांब्याचा वॉशर, जो तू तीनतीनदा तोच वापरलास. नाहीतर रबरी पाइप. थंडीनं रबर कडक होतं, क्लिप तिथेच राहते, रबर आकसतं. वॉशर काही रुपयांचा. तो न बदलता तू रोज पहाटे एअर काढतोस आणि वर म्हणतोस, ‘जुन्या ट्रॅक्टरला हे करावंच लागतं.’ कुणी सांगितलं? तुझ्या आळसानं. त्याचं ऐकतोस, माझं नाही.

आणि एअर काढायची ती तरी रीतीनं काढ. टाकीकडून इंजिनकडे जायचं. आधी फिल्टरवरचा स्क्रू, हातपंप मार, बुडबुडे थांबून सलग धार येऊ दे. मग पंपावरचा. मग, गरज पडली तरच, नोझलचे नट. तू उलट्या टोकानं सुरू केलंस. फिल्टरमध्ये हवा तशीच आणि तू चार नोझलशी कुस्ती खेळतोस. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

आता पांढरा धूर. तो निघत असेल तर आनंद मान. डिझेल येतंय, पेटायला ऊब मिळत नाही एवढंच. इथे तरी तुझा ट्रॅक्टर कुठला आहे ते आठव. बी-२७५. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा मूळ नमुना. १९६३ साली महिंद्रांनी त्यांच्याशी आणि व्होल्टासशी भागीदारी करून आपल्याकडे ट्रॅक्टर बांधायला घेतले, ते याच्यापासून. त्याच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही. सिलिंडरच्या डोक्यातल्या छोट्या खोलीत आधी पेटतं, मग खाली येतं. त्या खोलीच्या भिंती गार. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून जी उष्णता होते तिच्यावरच सगळं. ती उष्णता गार भिंती पिऊन टाकतात. आणि सेल्फ हळू घुमत असेल तर प्यायला त्यांना वेळही भरपूर मिळतो. म्हणून त्या खोलीत हीटर प्लग दिलेत. मागाहून आलेल्या मॉडेलांच्या नावापुढे डीआय लागलं, त्यांत डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत पडतं. ती गाडी हीटरशिवायही निभावते. तुझी नाही. शेजाऱ्याचा डीआय हीटरशिवाय चालू होतो म्हणून आपलाही व्हावा, हा हट्ट कसला?

हीटरची किल्ली धरतोस किती? तीन सेकंद. वीस-तीस तरी धरावी लागते. तेवढाही धीर नाही? आणि चारही प्लग तापतात हे कधी तपासलंस? जुन्या गाड्यांत ते कधी एकापुढे एक साखळीत जोडलेले असतात. त्यातला एक जळला की चारही गार. कधी वेगवेगळे जोडलेले असतात. एक गेला तर बाकीचे तीन जागे. तुझ्या ट्रॅक्टरात कुठली जोडणी आहे? सांग की. नाही ना माहीत? तुझ्या अंगणात तो तुझ्या जन्माआधीपासून उभा आहे.

आणि थर्मोस्टॅट कुठे गेला? मला माहीत आहे कुठे गेला. उन्हाळ्यात गरम होतो म्हणून कुणीतरी सांगितलं ‘काढून टाक’, तू काढून कपाटात ठेवलास. रेडिएटरची जाळी कचऱ्यानं भरलेली, पाण्यात गंज, पट्टा ढिला. ते कुणी बघायचं? थर्मोस्टॅट काढणं सोपं. तो ८० अंशांच्या आसपास उघडतो, तोवर पाणी इंजिनमध्येच फिरवतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. तो नसला की थंडीत इंजिन दुपारपर्यंत कोमटच. अर्धवट जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, रिंगा झिजतात, कॉम्प्रेशन घटतं, आणि पुढच्या हिवाळ्यात ट्रॅक्टर आणखी उशिरा चालू होतो. मग तू म्हणणार, ‘वय झालं सर त्याचं.’ वय त्याचं नाही झालं. तू त्याला म्हातारा केलास.

जुना, जुना, जुना. हे एक पालुपद झालंय तुझं. जुना आहे म्हणून तर बरा आहे. त्याच्यात सेन्सर नाही, कंप्युटर नाही, कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन यावा लागत नाही. त्याचं सगळं बोल्टावर आहे आणि सगळं डोळ्यांना दिसतं. दोन पाने, एक पेचकस आणि डोकं एवढ्यात काम होतं. पहिल्या दोन वस्तू तुझ्या डबीत आहेत. नवा घेऊन काय करशील? त्याचंही टर्मिनल फुलेल. बँकेचा हप्ता मात्र थंडीत गोठत नाही.

आता ज्यासाठी मी खरा चिडलोय ते. बॅटरी उतरली की तू काय काय करतोस ते मला तुझ्या चुलतभावानं सांगितलं.

ऑइलच्या टाकीखाली शेकोटी करतोस. कुठे? कांद्याच्या चाळीला लागून. बांबू, पाचट, खाली गळलेलं डिझेल, आणि वर तू काडी ओढतोस. अक्कल गहाण टाकलीस? रेडिएटरमध्ये खळखळतं पाणी ओततोस. गार लोखंडाला एकदम चटका बसला की तडा जातो, तो जोडायला वेल्डरही हात लावत नाही. इथरचा डबा आणून हवेच्या नळीत मारतोस. इथर डिझेलपेक्षा खूप कमी उष्णतेला पेटतं, पिस्टन वर पोचायच्या आधीच भडका. रिंगा मोडतात. आणि हीटर तापलेला असताना मारलंस तर भडका नळीतून बाहेर येईल, तुझ्या तोंडावर. भुवया उगवतात परत, डोळे नाही.

ट्रॅक्टर रात्री उतारावर लावतोस, सकाळी ढकलून गिअर टाकायला. खाली दोन दगड. त्या उताराच्या पायथ्याशी काय आहे? अंगणवाडीत जाणाऱ्या पोरांची वाट. त्या ट्रॅक्टरचा हँडब्रेक धरतो का? नाही धरत. तू सांगितलंस मला, हसत सांगितलंस. एक दगड सरकला की हसू कुठे जाईल?

आणि सगळ्यांत शेवटचं. किल्लीनं सेल्फ घेत नाही म्हणून जमिनीवर उभा राहून सेल्फच्या दोन टोकांवर पाना टाकतोस. मागच्या मोठ्या चाकासमोर उभा राहून. गिअर राहिला असला तर? किल्ली तुला सीटवर बसवते, क्लचवर पाय ठेवायला लावते. पाना तुला चाकापुढे उभं करतो. इंजिन घेतलं की ट्रॅक्टर पुढे येतो, आणि तो तुझ्यासाठी थांबत नाही. माणसं अशी गेली आहेत, चांगली शिकलेली, आपल्या अंगणात, आपल्या ट्रॅक्टरखाली. हे मी वर्गात शिकवलं तेव्हा तू पहिल्या बाकावर होतास आणि तुझा चेहरा पांढरा पडला होता. म्हणजे समजलं होतं. मग?

सोलेनॉइड गेला असेल तर बदल. किल्लीचं स्विच गेलं असेल तर बदल. पैशाचं सांगू नकोस. ट्रॉली भरून लाल कांदा ठेवलास, सकाळचा लासलगावचा लिलाव चुकला, दुसऱ्या दिवशी भाव उतरला. किती गेले? त्यात किती सोलेनॉइड आले असते? हा हिशेब तू लिलावाच्या चिठ्ठीवर बरोबर करतोस. ट्रॅक्टरपाशी आलास की तुला बेरीज येत नाही.

‘वेळ मिळत नाही सर.’ वेळ? कार्तिकी एकादशी ते मार्गशीर्षाची सुरुवात, मधल्या दिवसांत एक सकाळ. बॅटरी, दोन टर्मिनलं, अर्थिंग, फिल्टर, वॉशर, हीटर. एवढंच काम होतं. ती एक सकाळ वाचवलीस आणि आता रोजची पहाट घालवतोस. सगळं गाव जागं होईपर्यंत तुझा सेल्फ घरघरतो. शेजारी आता घड्याळ लावत नाहीत म्हणे.

मिस्त्रीला बोलावू नकोस. तो येईल, नोझल काढून नेईल, तपासून आणेल, पैसे घेईल, आणि अर्थिंगच्या बोल्टाखालचा रंग तिथेच राहील. नोझल पंपवाल्याकडे न्यायचेच असतील तर बाकी सगळं निस्तरून झाल्यावर ने. तुझ्या हाताखालून आधी जाऊ दे. तू करू शकतोस म्हणून सांगतोय. करू न शकणाऱ्याला मी सांगायच्या फंदात पडत नाही, हे तुला माहीत आहे.

आज काय करायचं ते नीट ऐक. ट्रॅक्टर उतारावरून काढून सपाटीवर आण. पाना सेल्फच्या जवळपासही दिसता कामा नये. इथरचा डबा घराबाहेर. बॅटरी काढून चार्जिंगला लाव, तोवर टर्मिनलं आणि अर्थिंग साफ कर. बॅरलमधलं डिझेल दुपारच्या कामाला वापरून संपव, पहाटेसाठी पंपावरून ताजं आण, फिल्टर बदलून मग भर. थर्मोस्टॅट कपाटातून काढ आणि जाळी धुतल्यावर जागेवर बसव. त्याचं गॅस्केट नवं घे, जुनं चिकटवून काम भागवू नकोस.

आणि हीटर प्लगांची जोडणी कशी आहे ते मला संध्याकाळी फोन करून सांगायचं. अंदाजानं नाही. बॉनेट उघडून, वायर हातात धरून.